शाळेच्या कॅन्टीनमध्ये काय मिळतं? (सोसायटी ग्रुप)

स्नेहा, बी ४०२: आज मुलीच्या शाळेचं कॅन्टीन बघितलं. वेफर्स, कोल्ड्रिंक, क्रीमची बिस्किटं, बस्स. पोरं डबा तसाच दप्तरात कोंबून तिकडे पळतात. यावर काही नियमच नाही का?

मंदार, ए १०१: आहे की! मे २०१७ मध्येच राज्य सरकारने जीआर काढलाय. जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये नकोत. चिप्स, नूडल्स, कोल्ड्रिंक, पिझ्झा, बर्गर नावानिशी दिलेत. काय ठेवावं तेही आहे: पोळी, पराठा, भात, इडली, राजमा, शहाळ्याचं पाणी.

देशपांडे काका: आणि गेटबाहेरच्या गाड्या? शाळा सुटली की तिथेच झुंबड.

मंदार, ए १०१: काका, त्यासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०२० चे नियम आहेत. गेटपासून चहूबाजूंनी ५० मीटरच्या आत असले पदार्थ मुलांना विकता येत नाहीत. अंमलबजावणी कुठे दिसत नाही, याचाच संताप येतो.

फरीदा, सी २०३: मॉलमधल्या बर्गरवाल्याच्या बोर्डावर किमतीजवळ बारीक अक्षरात कॅलरी असतात. आपल्या नाक्यावरच्या उडप्याकडे का नाहीत?

मंदार, ए १०१: ताई, ती सक्ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा आणि त्याहून जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनाच. छोट्या हॉटेलवाल्याला प्रत्येक पदार्थाची कॅलरी काढून घेणं परवडायचं नाही, त्यामुळे ही सूट मला रास्त वाटते. फक्त एक सांगतो, तिथे लिहिलेला दिवसाचा २००० किलोकॅलरीचा आकडा मोठ्या माणसाचा आहे. पहिली-दुसरीतल्या मुलांचा हिशेब त्यावर करू नका.

फरीदा, सी २०३: हे माहीतच नव्हतं. आमच्याकडे मुलांसाठीही तोच धरतात सगळे.

स्नेहा, बी ४०२: शनिवारी पालकसभा आहे. जीआरची प्रिंट नेते. कॅन्टीनची यादी शाळेने लेखी द्यावी, एवढं तरी मागूया.

देशपांडे काका: जरूर मागा. पण कॅन्टीनवाल्या बाईंचं पोट त्यावर आहे. नुसतं बंद करा म्हणू नका, त्यांच्याशी आधी बोला.

स्नेहा, बी ४०२: बोलले काका. पोहे, उपमा करायला त्या तयार आहेत, पण शाळा आत गॅस वापरू देत नाही. घरून आणलं तर मधल्या सुट्टीपर्यंत गार होतं आणि पोरं हात लावत नाहीत. गरम ठेवायची सोय शाळेने करावी, हेही सभेत मांडते.

फरीदा, सी २०३: मी येते गं. साडेनऊला गेटपाशी भेटू.