‘सोर्सला हात न लावता रेप्लिकेशन’ म्हणे!

रात्रपाळी: काल इथे कुणीतरी लिहून गेलं, ‘रेप्लिकेशनसाठी, म्हणजे एका डेटाबेसमधले बदल सतत दुसरीकडे उतरवण्यासाठी, सोर्स (मूळ) डेटाबेसमध्ये काही करावं लागत नाही. कनेक्शन द्या, टूल जोडा, तासाभरात डेटा क्लाउडवर.’ खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. डोकं सटकलं म्हणून लिहितोय.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये वॉलची, म्हणजे बदलांच्या नोंदवहीची, लेव्हल ‘लॉजिकल’ केल्याशिवाय एक बदल बाहेर पडत नाही, आणि त्यासाठी रीस्टार्ट लागतो. ओरॅकल आर्काइव्हलॉग मोडमध्ये (म्हणजे जुने लॉग जपून ठेवत) नसेल तर बंद करून माउंटला, म्हणजे अर्धवट चालू अवस्थेत, आणा, तो मोड लावा, मग सप्लिमेंटल लॉगिंग (लॉगमधली जादा नोंद) चालू करा. मायएसक्यूएलचा बिनलॉग, म्हणजे त्याची बदलांची नोंदवही, कुणीतरी जागा वाचवायला एका दिवसावर आणून ठेवलेला असतो. फुल लोड, म्हणजे आधीचा सगळा डेटा एकदा उचलणं, चालतो दोन दिवस. लोड संपला की कळतं, पुढचे बदल जिथून उचलायचे ती फाईलच उडालीय. हे सगळं हात न लावता होतं का?

आमच्याकडे एक टीम पीओसी (चाचणीपुरता प्रयोग) करून निघून गेली. कनेक्टर (बदल वाचून नेणारं टूल) बंद केला, स्लॉट (वाचणारा कुठवर पोचला याची पोस्टग्रेसमधली खूण) तसाच ठेवला. पोस्टग्रेस बिचारं इमानी. वाचणारा परत येईल म्हणून वॉल साठवत बसलं. शनिवारी पहाटे तीनला डिस्क भरली आणि प्रॉडक्शन आडवं. डिस्क वाढवून सर्व्हर उठवला, स्लॉटची यादी काढली, तर अ‍ॅक्टिव्हच्या रकान्यात ‘एफ’, म्हणजे फॉल्स: वाचणारं कुणी नाही. त्या एका अक्षरापायी माझा शनिवार-रविवार गेला.

ढगातला: ती पोस्ट माझी. स्लॉटसाठी किती वॉल साठवायचं यावर मर्यादा घालायची सोय पोस्टग्रेसच्या आवृत्ती १३ पासून आहे, म्हणजे २०२० पासून. तुम्ही ती लावली नाहीत, यात टूलचा काय दोष? आणि मायएसक्यूएल ८ मध्ये बिनलॉग आपोआप चालू असतो, रो फॉरमॅटमध्ये (ओळीनिहाय), तीस दिवसांचा. कुणी तो एक दिवसाचा केला असेल तर त्याचा कान धरा.

रात्रपाळी: मर्यादा मुळात अमर्याद असते, ती कुणीतरी घालावी लागते. त्यालाच हात लावणं म्हणतात, साहेब! आणि घातली तरी डिस्क वाचते, स्लॉट मरतो. मग पुन्हा फुल लोड.

जुनी_डीबीए: तुम्ही दोघं स्लॉटवर भांडताय, खरं दुखणं प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणारा कॉलम) नसलेल्या टेबलांचं आहे. एका हुशाराने पब्लिकेशनमध्ये, म्हणजे पलीकडे पाठवायच्या टेबलांच्या यादीत, ‘सगळी टेबलं’ टाकली. इन्सर्ट मजेत चालले, पण की नसलेल्या टेबलांवरचे अपडेट आणि डिलीट सोर्सवरच फुटायला लागले. रेप्लिकेशन राहिलं बाजूला, चालू अ‍ॅप बसलं. आणि फोन कुणाला? मला.

कोडकरी: झालं, आले डेव्हलपरवर! लॉगच्या टेबलाला की हवी कशाला? रेप्लिका आयडेंटिटी फुल करा, म्हणजे कीऐवजी अख्खी ओळच ओळख धरा, आणि मोकळे व्हा, काका.

जुनी_डीबीए: काका नाही, काकू. फुल केलं की प्रत्येक अपडेटला अख्खी जुनी ओळ वॉलमध्ये जाते. पलीकडे तीच ओळ शोधायला दर वेळी सगळं टेबल चाळलं जातं. आवृत्ती १६ पासून पलीकडचा इंडेक्स (शोधसूची) वापरता येतो, पण तो असला तर ना! ज्यांना की सुचली नाही त्यांना इंडेक्स सुचेल?

कोडकरी: बरं काकू, की आमच्याकडेही होती. मोबाईल नंबर. तुमच्याच पिढीच्या कुणीतरी ठरवलेली, ‘नैसर्गिक की’ म्हणून. ग्राहकाने नंबर बदलला की आमचं टूल पलीकडे एक डिलीट आणि एक इन्सर्ट पाठवायचं. वेअरहाउसमध्ये (रिपोर्टांसाठीच्या डेटा-साठ्यात) दिसायचं की जुना ग्राहक सोडून गेला आणि नवा आला. त्यावर ग्राहक-गळतीचा रिपोर्ट निघाला, मीटिंगा झाल्या. गळती कसली डोंबलाची, लोकांनी सिम बदलली होती.

जुनी_डीबीए: पिढी काढायची गरज नव्हती. बदलणारी गोष्ट की करू नये हे आम्ही तेव्हाही सांगत होतो. ऐकलं कुणी? ‘आयडी’ कॉलम टाका म्हटलं की म्हणे जागा वाया जाते!

कोडकरी: आणि आम्ही कॉलम टाकायला गेलो की तुम्ही तीन सह्यांचा फॉर्म पुढे करता. एका अल्टरसाठी (टेबलाची रचना बदलायच्या कमांडसाठी) महिना थांबलोय मी.

जुनी_डीबीए: थांबलात ते बरं झालं. लॉजिकल रेप्लिकेशन चालू असताना स्कीमातला (टेबलांच्या रचनेतला) बदल आपोआप पलीकडे जात नाही. तुमच्या अल्टरनंतर आलेली पहिलीच ओळ पलीकडे अडकली असती, आणि रात्री उठले असते रात्रपाळी.

रात्रपाळी: मला कशाला ओढता? पण हो, उठलोय. दोनदा.

ढगातला: ठीक आहे, ‘तासाभरात’ मागे घेतो. ‘तीन आठवडे तयारी करून मग तासाभरात’ असं लिहितो. समाधान? तरी म्हणतो, ही तयारी एकदाच करायची असते. तुम्ही तिचा बाऊ करून लोकांना घाबरवताय.

जुनी_डीबीए: एकदाच? नवं टेबल आलं, फेलओव्हर झाला (मुख्य सर्व्हर पडून राखीव पुढे आला), पासवर्ड बदलला, की पुन्हा आहेच. फेलओव्हरमध्ये स्लॉट टिकवायची सोय पोस्टग्रेसमध्ये १७ व्या आवृत्तीत आली, तीही मागितली तरच मिळते.

ढगातला: म्हणजे सोय आहे. मान्य केलंत, आभारी आहे.

कोडकरी: काकू, की नसलेली टेबलं शोधायची क्वेरी टाका ना इथे.

जुनी_डीबीए: सिस्टीम कॅटलॉग (डेटाबेसची स्वतःबद्दलची टेबलं) उघडा, प्रायमरी कीचा कन्स्ट्रेंट (नियम) नसलेली टेबलं वेगळी काढा. तेवढं येत असेल तुम्हाला.

कोडकरी: आलं. चालवली. आकडा सांगणार नाही.