कानांनी वाचलेला इतिहास : तुमचे अनुभव लिहा

इतिहासाची ऑडिओबुकं ऐकायला लागून मला तीनेक वर्षं झाली. भांडी घासताना ऐकतो. मजा येते, पण चिडचिडही तेवढीच होते, आणि बहुतेकदा ती लेखकावर नाही, वाचणाऱ्यावर होते. म्हणून हा धागा. कोणाचं वाचन भावलं, कुठे बंद करावंसं वाटलं, मोकळेपणाने लिहा.

माझ्यापासून सुरुवात. पानिपतावरचं पुस्तक होतं. १४ जानेवारी १७६१ चा दिवस निवेदकाने असा काही गर्जत वाचला की इब्राहिमखानाच्या तोफा परवडल्या. मागे टापा, तुताऱ्या, सगळा सरंजाम. मी आवाज कमी करत राहिलो. मग ते सावकारी पत्र आलं, नानासाहेबांना वाटेत मिळालेलं, दोन मोती गळाल्याचं. आता हा गळा काढणार म्हणून धास्तावलो. पण गड्याने ते पत्र हिशेबाची वही वाचावी तसं वाचलं. मोती, मोहरा, खुर्दा. बस. मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव हे शाळेपासून ठाऊक, तरी कढई हातात तशीच राहिली आणि नळ वाहत होता. पत्र सावकारी होतं, तर वाचायचंही तसंच ना!

---

माझी तक्रार उच्चारांची. ‘लखुजी जाधव’ या एका नावात दोन वेगळे ज आहेत. ‘जी’मधला ‘जीव’सारखा, ‘जाधव’मधला ‘जाड’सारखा. लिपीत दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून कानावर भाषा असलेला माणूसच हवा. मी ऐकलेल्या पुस्तकात बाईंनी दोन्ही ज ‘जीव’सारखे उच्चारले. जावळी तशीच, चाकणचा च ‘चहा’सारखा. आवाज मधाळ हो, पण मी दर वाक्याला मनात दुरुस्ती करत होते. अफझलखान आला कधी आणि मेला कधी, पत्ता लागला नाही.

---

मी झोपताना लावतो. फ्रेंच राज्यक्रांती चार महिने चालू आहे, बॅस्टिल अजून पडलेलं नाही.

---

मी डोळ्यांनी वाचू शकत नाही, त्यामुळे माझ्यासाठी ही हौस नाही, हेच वाचन. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंधांसाठी बोलकी पुस्तकं सुरू झाली, ती पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची गरज ओळखून. तबकडीच्या एका बाजूला पंचवीसेक मिनिटं मावायची, म्हणजे एका कादंबरीला तबकड्यांची चळत. आज सगळं खिशात आहे, तेव्हा कुरकुर जपून करतो.

तरी एक करतोच. वर नाट्यमय वाचनाबद्दल लिहिलंय. मला अभिनय मुळीच नको. फोनमधला यांत्रिक आवाज ‘इ. स.’ला ‘इस’ म्हणतो आणि ‘सु. १६३०’ला ‘सु एक हजार सहाशे तीस’. हसू येतं, पण तो काही गाळत नाही. माणूस तळटिपा गाळतो. इतिहासाच्या पुस्तकात लेखकाचा पुरावा कशावर उभा आहे ते तळटिपेतच असतं, आणि ती गाळली हे मला कळायलासुद्धा मार्ग नाही! निदान सुरुवातीला सांगा की टिपा घेतलेल्या नाहीत.

---

तळटिपांशी शंभर टक्के सहमत. यादीचंही तेच. १६६५ चा पुरंदरचा तह, मोगलांना दिलेले २३ किल्ले. निवेदकाने एका दमात २३ नावं उरकली, जणू गाडी सुटत होती. मी तीस-तीस सेकंद मागे जात शेवटी कागद घेतला. छापील पानावर नजर यादीवरून आपोआप घसरते, हवं तिथे थांबते. कानाला ती सोय नाही, निवेदकानेच थांबायला हवं. महाराजांकडे राहिलेले १२ किल्ले मात्र त्याने सावकाश वाचले, ते का कुणास ठाऊक.

---

महायुद्धाच्या एका पुस्तकात बेल्जियममधलं Ypres हे गाव अर्ध्यापर्यंत ‘यप्रेस’ आणि पुढे ‘ईप्र’. बहुधा मध्येच कोणीतरी सांगितलं असावं. मी नकाशात दोन गावं शोधत होतो. नंतर कळलं की ब्रिटिश सैनिक त्याला ‘वायपर्स’ म्हणायचे, तेव्हा निवेदकाला माफ केलं.

---

(धागाकर्ता) तळटिपांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. ते पानिपतचं पुस्तक छापील मागवलंय, पत्राखाली टीप आहे का ते बघतो.