मदत हवी आहे: गाणं ऐकायला कानात बसणारे स्वस्त इअरफोन

निषाद_कोपू
मंडळी, जरा लवकर सुचवा. कानात घालायचे इअरफोन घ्यायचेत. शनिवारी राजारामपुरीत जाणार आहे, त्याआधी ठरवायचंय. सध्याचे आठ महिन्यांत गेले, जॅकपाशी वायर दाबून धरली तरच डावी बाजू बोलते. आवाजही पहिल्यापासून घुमल्यासारखा. दुकानदार म्हणाला होता ‘बेस भारी आहे’, मला तोच नकोय. एकच नाव सांगा, दहा पर्याय नकोत.

तांबडा_पांढरा
बजेट किती? फोनला गोल जॅक आहे का टाइप सी? आणि ऐकता काय? यातलं काहीच लिहिलेलं नाही, नाव कसं सांगायचं?

रंकाळ्याचा_वारा
वायर सोडाच आता. ब्लूटूथवाले घ्या. मी दीड वर्ष वापरतोय, केएमटीच्या बसमध्ये उभ्यानं जाताना कुठं अडकायची भानगड नाही. हजार-बाराशेत लई चांगले मिळतात.

वायंडिंगवाला
रंकाळ्याचा_वारा, त्यातले सेल दोन-तीन वर्षांत थकतात आणि बदलता येत नाहीत. मग डबीसकट टाकायचे. वायरचेच घ्या, पण दोन पिनांची सुटी वायर असलेले. वायर तुटली की फक्त वायर बदलायची. शिरोलीत दिवसभर तारांतच हात असतात माझे, वायर नेहमी जॅकपाशी किंवा कानापाशीच तुटते. हजाराच्या आत केझेड कंपनीचे बघा.

निषाद_कोपू
बजेट पंधराशे, फार तर दोन हजार. फोनला टाइप सी. गाणं शिकते मी, जयपूर घराण्याचं. क्लासची रेकॉर्डिंग आणि जुन्या ७८च्या तबकड्यांवरून उतरवलेल्या फाइली ऐकते, गोकुळ शिरगावला जाता-येता बसमध्ये. अडचण अशी की गुरुजी म्हणतात, तंबोऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार (ग) ऐक. क्लासमध्ये बसले की येतो ऐकू, इअरफोनमध्ये नुसतं हूंऽऽ.

तांबडा_पांढरा
ताई, हे आधी सांगायचं ना! मग केझेड नको. त्यांच्या बऱ्याच मॉडेलांत खालचा आणि वरचा आवाज उचललेला असतो, मधला मागे राहतो. गळा मधल्यातच असतो.

वायंडिंगवाला
माझ्याकडे दोन वर्षं आहेत, भजनं झकास ऐकू येतात.

तांबडा_पांढरा
भजनात टाळ-मृदंग असतो, तिथे ते खुलतंच. तंबोऱ्याचं गणित वेगळं. सा काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी) धरला तर साधारण २३३ हर्ट्झ, खर्जाचा सा त्याच्या निम्मा, ११६च्या आसपास. बेस चढवलेला इअरफोन नेमका तोच भाग फुगवतो. गंधार म्हणजे त्या तारेचा पाचवा स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा सूर, साधारण ५८०. खालचा फुगला की तो झाकला जातो. मूनड्रॉप चू २ बघा, गळा पुढे येतो, वायर सुटी होते, दोन हजारांच्या आतबाहेर मिळतो.
टाइप सीला गोल जॅकचा जोड लागेल, तो डॅकवाला (फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप असलेला) घ्या. साधा जोड काही फोनवर चालतच नाही.

सूरपेटी
फाइली एमपीथ्री असतील तर आधी एफएलएसी (आवाजातलं काही न गाळता साठवणारा फाइलीचा प्रकार) करून घ्या. त्यातच सगळा फरक आहे.

तांबडा_पांढरा
एमपीथ्रीची एफएलएसी केली की फाइल मोठी होते, एवढंच. गेलेलं परत येत नाही.

सूरपेटी
मला फरक जाणवतो. कान ज्याचे त्याचे.

पॅलेस_थिएटर
इअरफोनमधून कसलं गाणं ऐकता? आपल्या कोल्हापूरच्या देवल क्लबमध्ये, गाण्याच्या बैठकीला, येऊन बसा. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गवई म्हणून इथं ठेवलं, त्यांच्या शिष्या केसरबाई, त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. त्या गावात राहून यंत्राच्या मागे लागायचं? १९१५चं आपलं केशवराव भोसले नाट्यगृह २०२४च्या ऑगस्टमध्ये जळालं तेव्हापासून तर समोर बसून ऐकलेल्या गाण्याची किंमत मला जास्तच कळते.

निषाद_कोपू
देवल क्लबला जातेच हो. पण सकाळी सातच्या बसमध्ये देवल क्लब नसतो.

डेसिबल
इअरफोन कुठलाही घ्या, आवाज आवरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास चालतं, ९० झालं की फक्त ४ तास. बसचा आवाज झाकायला माणूस हमखास वाढवत नेतो. माझ्या उजव्या कानात कायम शिट्टी वाजते, म्हणून सांगतोय.

तांबडा_पांढरा
हे पटतं. म्हणूनच ताई, रबराची टोपी नीट बसते का बघा. फट राहिली तर बसचा आवाज आत येतो, आपण आवाज वाढवतो. सध्या कुठल्या मापाची आहे?

निषाद_कोपू
माप असतं? डबीतून निघाली तीच आहे. दोन्ही कानांत एकच.

तांबडा_पांढरा
डबीत आणखी दोन जोड्या असतील, आजच काढून बघा. दोन्ही कान सारखे असतीलच असं नाही. आणि फोनच्या सेटिंगमध्ये इक्वलायझर (खालचा-वरचा आवाज कमीजास्त करायची सोय) कुठे आहे?

रंकाळ्याचा_वारा
मापं ब्लूटूथवाल्यांतही मिळतात.

निषाद_कोपू
इक्वलायझर उघडला. हा फोन आधी भावाचा होता. त्यानं ‘बेस बूस्ट’ टोकाला नेऊन ठेवला होता, मी कधी बघितलंच नाही. बंद केला. डबीतल्या टोप्याही सापडल्या, चण्याएवढ्या, धुळीनं माखलेल्या. उजवीकडे मधली ठेवली, डावीकडे लहान बसली.

वायंडिंगवाला
बघा, इअरफोन वाईट नव्हताच. आता जॅक कापून नवा डाखून घ्या, काम अर्ध्या तासाचं. आणून द्या, मी करून देतो.

तांबडा_पांढरा
त्या जाडीच्या वायरीत तारांवर वार्निश असतं, डाख धरत नाही. नवाच घेऊ दे.

वायंडिंगवाला
आधी डाखणीच्या टोकानं वार्निश जाळायचं, मग धरतो. रोज करतो मी.

निषाद_कोपू
दादा, खरंच आणते, रविवारी चालेल का? चू २ पुढच्या पगाराला घेईन, तोवर हेच वापरते. शनिवारी फक्त जोड आणणार, डॅकवाला.
आत्ता वायर अंगठ्यानं दाबून क्लासचं रेकॉर्डिंग लावलं. गुरुजी तंबोऱ्याच्या जोडाच्या, मधल्या दोन तारा लावतायत, कुणीतरी खाकरतंय, मग खर्ज. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला त्याच्यावर गंधार आला. बारीक, पण आला.