३८१६५४७२९ : असा दुसरा आकडा का नाही? मदत हवी, आज रात्रीच

जिंतूरकर
बहिणीला विज्ञान प्रदर्शनात हा आकडा मांडायचाय. तक्ता झाला, पण सर म्हणतात, असा आकडा एकच आहे हे दाखव. जेवणं झाल्यापासून बसलोय, निघेना गेलंय. सकाळी परभणीला निघायचंय, पटकन सांगा.

गोदाकाठ
एकच म्हणजे कशात एकच? ९ ने भाग जातो म्हणून? १ ते ९ कसेही मांडा, बेरीज ४५, भाग जाणारच.

जिंतूरकर
९ चं कोण विचारायलंय? पहिल्या दोन अंकांना २ ने, पहिल्या तिनांना ३ ने, असा शेवटपर्यंत भाग जातो. ३८, ३८१, ३८१६... माहीत असतं की हे सगळ्यांना.

कोडवाला_लातूर
पायथॉनच्या चार ओळी. ३,६२,८८० मांडण्या, चहा गाळेपर्यंत उत्तर.

गोदाकाठ
सरांना काय चहा पाजायचाय? जिंतूरकर, अंक पुन्हा चालतात का? शून्य? चालत असतील तर २५ अंकी ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५ पण आहे. त्याच्यापुढे मात्र एकही नाही.

जिंतूरकर
१ ते ९, एकेकदाच. शून्य नाही. हातानं करायचंय.

देवगिरी
त्यापेक्षा कापरेकरांचा ६१७४ घ्या. चार अंक, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता वजा करत राहा, सात वेळांच्या आत ६१७४ येतोच. परीक्षक खूश.

उदगीरचा_मास्तर
तक्ता झालाय म्हणतोय तो, आता आकडा कुठं बदलता! लिहून घे.
पाचवा अंक ५. सम जागी सम अंक, विषम जागी विषम. तिसरा विषम, म्हणून ४ ने भाग जायला चौथा २ किंवा ६. सहावा सम असल्यानं ८ साठी फक्त सातवा-आठवा बघायचे. सातवा विषम, म्हणजे आठवाही २ किंवा ६. दुसरा आणि सहावा मग ४ अन् ८.
पहिल्या तिनांना ३ ने जातो, पहिल्या सहांना ६ ने. म्हणून मधल्या तिघांची बेरीज ३ च्या पटीत. २५८ किंवा ६५४, तिसरं काही बसत नाही.
२५८ धरलं तर सुरुवात १४७ किंवा ७४१, सातवा ९. ६५४ धरलं तर दुसरा ८, आठवा २, सातवा ३ किंवा ७. पहिल्या तिघांची बेरीज सांभाळून दोन्हीकडचे मिळून दहाच उरतात. त्यांचे पहिले सात अंक ७ ने भाग. ३८१६५४७ = ७ × ५४५२२१, बाकीचे नऊ गळाले.

जिंतूरकर
७ ची कसोटी कोणती वापरू?

उदगीरचा_मास्तर
दहा भागाकारांना कसली कसोटी? कर की सरळ.

देवगिरी
वर्गमूळ काढायची सोपी रीत हवी असेल तर सांगतो.

कोडवाला_लातूर
माझ्याकडं पण एकच निघाला. प्रोग्राम टाकू का इथं?

नांदेडचा_नाना
शेवटी ० लावा. ३८१६५४७२९० ला १० ने जातो, दहाही अंक आले!

जिंतूरकर
नाना, शून्य नको म्हटलं ना वर.