नव्या करारावर बोलायचंय, मदत हवी आहे

सलाम मंडळी. येत्या रविवारी भांडुपला चर्चच्या तरुण संघात नव्या करारावर (म्हणजे बायबलमध्ये देव आपल्या लोकांशी जो नवा करार करीन म्हणतो त्यावर, 'नवा करार' या ग्रंथभागावर नव्हे) मला बोलायचंय, आणि एका ठिकाणी गाडी अडलीय. बायबलमधल्या यिर्मया 31:31-34 मध्ये परमेश्वर हा करार इस्राएल आणि यहूदाच्या घराण्याशी करीन म्हणतो. इब्री लोकांस पत्राच्या 8 व्या अध्यायात तोच उतारा पुन्हा येतो. मग आपण भांडुपकर, यहूदी नसलेले, त्यात कुठून आलो? रोमकरांस पत्रातली, 11 व्या अध्यायातली, जैतुनाला कलम केलेली रानटी फांदी (म्हणजे देवाच्या लोकांत जोडले गेलेले यहूदी नसलेले लोक) दाखवली तर पुरेल का, की लूक 22:20 मधल्या, येशू ज्याला नवा करार म्हणतो त्या प्याल्यापासून सुरुवात करू?

शिवाय यिर्मयाच्या त्याच उताऱ्यात, 34 व्या वचनात, कुणी शेजाऱ्याला शिकवणार नाही असं आहे. पोरं हमखास विचारणार, मग संडे स्कूल कशाला? (बरोबरच आहे म्हणा.) पाळकसाहेब गावी गेलेत. शनिवारपर्यंत कुणी सांगाल का?