मदत हवी आहे: मांजरीची 3 पिल्लं, आईचा पत्ता नाही (नाशिक, सिडको)

नमस्कार मंडळी. 4 दिवसांपूर्वी पार्किंगमध्ये 3 पिल्लं सापडली, डोळे नुकतेच उघडलेली. दुपारभर लांबून वाट पाहिली, आई फिरकलीच नाही. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर दर 3 तासांनी पाजतेय, पालथं ठेवूनच. नंतर कोमट ओल्या कापसाने पुसलं की शी-शू होते. (शेजारच्या काकू गाईच्या दुधावर अडून बसल्यात! त्याने जुलाब लागतात हो.) दोघं रोज 10-12 ग्रॅम वाढतायत, काळू मात्र कालपासून 170 वरच अडकलाय आणि हाताला गार लागतो. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवलीय. सिडको-इंदिरानगर भागात रात्री पिल्लं तपासणारे डॉक्टर कोणाला माहीत आहेत का? बाकी, 8 आठवड्यांची झाल्यावर घरं शोधायचीत, ते नंतर.