दार लावलं की डबा वाजतो! आवाज मारायला लेप मारू की शीट चिकटवू?

दोनदारी: जुनी दोन दारांची गाडी खोलून पार पत्र्यावर आणली आहे. फरशीचं वेल्डिंग झालं, गंज काढला, इपॉक्सी प्रायमरही मारून झाला. पण दार लावलं की रिकामा डबा आपटल्यासारखं वाजतं. मूळच्या डांबराच्या शीट अर्ध्या तडकल्या होत्या आणि नेमका त्यांच्याखालीच पत्रा कुजलेला निघाला. आता ब्रशने लावायचा लेप छतापासून दारांच्या आतपर्यंत जाड फासून टाकावा म्हणतोय. शिवाय डिकीतलं जुनं डांबर निघता निघत नाहीये.

पत्राठोक: फासू नका! मी माझ्या पहिल्या गाडीत हेच केलं आणि दाराच्या तळाशी असलेली निचऱ्याची भोकं लेपाने बुजवून बसलो. काचेच्या रबराजवळून दारात पाणी झिरपतंच, ते भोकांतून खाली जायला हवं. माझं दार पुन्हा खालून सडलं. आधीचा गंज निदान वयामुळे होता, हा माझ्या हाताने आणलेला.

आवाज येतो तो पत्र्याचा मधला सपाट भाग थरथरतो म्हणून. बोटाच्या पेराने टकटक करत जा. कडेला, घडीजवळ आवाज बसका येईल, मध्ये ठणठणीत. जिथे ठणठणतं तिथेच ॲल्युमिनियम फॉइलचं ब्यूटाइल लावा, म्हणजे वर फॉइल आणि खाली चिकट रबर असलेली शीट. पत्रा वाकतो, वरची फॉइल ताणायला तयार नसते, मग मधलं रबर ओढलं जातं आणि कंप त्यात मुरतो. पाव ते निम्मा भाग झाकला तरी पुष्कळ फरक पडतो. त्यापुढे नुसतं वजन वाढतं, आणि जुन्या बिजागऱ्यांना ते झेपत नाही. आधी अल्कोहोलने पुसा, मग रोलरने दाबा, अगदी हात दुखेपर्यंत. खाली हवा राहिली की तिथे ओल धरलीच समजा.

डिकीच्या डांबरावर ड्राय आइसचे, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचे, तुकडे पसरा. उणे 78 अंशांना डांबर काचेसारखं ठिसूळ होतं, हातोडीच्या हलक्या ठोक्याने खपल्या उडतात. हातमोजे घाला आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवा, कारण त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो.

सावकाश_घासतो: एक भर. जुन्या तळलेपात कधी कधी ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. तपासून घेतल्याशिवाय कोरडा ग्राइंडर लावू नका. खपल्यांचाही भुगा करू नका, ओल्या करून उचला.

पत्राठोकांशी एका बाबतीत जमत नाही. चाकांच्या कमानींच्या आत, जिथे वळणावर शीट बसतच नाही, तिथे पाण्यावर आधारलेला लेप चांगला. फक्त पातळ हात द्या आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. छताला मात्र डांबर नकोच. उन्हात मऊ होऊन वरच्या अस्तरावर उतरतं.

पत्राठोक: कमानींचं मान्य.

दोनदारी: टकटक केली. डाव्या दाराच्या मधोमध तळहाताएवढे दोन तुकडे लावले, उजवं तसंच ठेवलं. डावं आता 'ठप्' म्हणतं, उजवं अजून डबाच. भोकांतून तार घालून पाहिली, चारही मोकळी आहेत. पण इंजिनाची घरघर तेवढीच ऐकू येते, ती का?

पत्राठोक: ती पत्र्याची नाही, हवेतून येते. ब्यूटाइल तिला अडवत नाही. इंजिनामागच्या भिंतीतून वायरी आणि केबल जातात, तिथली रबरं आधी बघा. ती धड असतील तर बंद छिद्रांचा फोम आणि त्यावर जड व्हायनिल. जुन्या गाडीत निम्मी रबरं बहुधा गायबच असतात.

दोनदारी: तीन भोकं रिकामी. एकातून माझी करंगळी आरपार जाते.